तेलाचा हिशेब आणि मुस्लिम मराठी साहित्य

हमीद दलवाई यांची ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील मुस्लिम जीवनचित्रणाचा विषय निघाला की या कादंबरीचा उल्लेख टाळता येत नाही. शहरातून बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला निवेदक, गावातल्या माणसांचे गुंतलेले संबंध आणि त्या संबंधांना लागत गेलेली धार्मिक द्वेषाची आग, असा तिचा विषय आहे. तेथे इंधन म्हणून जळतो तो शेजार आणि पिढ्यानपिढ्यांचा विश्वास. हे रूपक समर्पक आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

पण साठ वर्षे उलटल्यानंतर या शब्दाच्या साध्या, रोजच्या अर्थाकडे वळण्याची वेळ आली आहे, असे आम्हाला वाटते. ज्याच्यावर अन्न शिजते, विहिरीतले पाणी वर येते, ट्रक धावतो, माग चालतो ते इंधन. गेल्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रातील मुस्लिम समाजाचे जगणे ज्या एका पदार्थाने खोलवर बदलले, तो पदार्थ म्हणजे खनिज तेल. कोकणातली दुमजली घरे, मोहल्ल्यातली गॅरेजे, मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग, स्वयंपाकघरातला स्टोव्ह, या सर्वांमागे तेल आहे. असे असूनही आपल्या साहित्यात तेल आले ते बहुतांशी पैशाच्या रूपाने. कामाच्या, धुराच्या, जमिनीच्या रूपाने ते फारसे आलेच नाही. आमच्या मते ही केवळ विषयाची उणीव नसून दृष्टीची उणीव आहे. आज तेलाचे युग हळूहळू कूस बदलत असताना ती आपल्याला महागात पडणार आहे.

हा लेख आम्ही नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याला लागून असलेल्या लोणखेडा या गावातून लिहीत आहोत. साहित्याच्या नकाशावर या गावाला मोठे स्थान नसेल. पण इंधनाचा विचार करायला यापेक्षा सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही. असे का, ते पुढे येईलच. त्याआधी इतर भाषांनी तेलाकडे कसे पाहिले ते पाहू.

इतरांनी काय लिहिले

अमिताव घोष यांनी १९९२ साली ‘पेट्रोफिक्शन’ या नावाचा एक निबंध लिहिला. निमित्त होते अब्दुर्रहमान मुनीफ या अरबी कादंबरीकाराच्या ‘मुदुन अल-मिल्ह’, म्हणजे ‘मिठाची शहरे’, या कादंबरीमालेच्या इंग्रजी अनुवादाचे. घोष यांचा प्रश्न असा की, एके काळी मसाल्यांच्या व्यापाराने एवढे साहित्य जन्माला घातले, मग विसाव्या शतकाचे सारे राजकारण व्यापणाऱ्या तेलाने इतके थोडे का घातले? त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. तेलाच्या गावात कोणतीही एक भाषा नसते. तेथे दहा देशांचे मजूर दहा भाषा बोलतात, कोणीच तेथला नसतो आणि कोणाचेच तेथे मूळ रुजत नाही. कादंबरीला मात्र एक भाषा आणि एक ठिकाण लागते.

मुनीफ यांनी ही अडचण ओलांडली, कारण तेल त्यांना आतून ठाऊक होते. वडील सौदी, आई इराकी, जन्म १९३३ साली अम्मानमध्ये, उच्च शिक्षण तेलाच्या अर्थशास्त्राचे आणि नोकरीही तेल उद्योगातली. १९८४ साली आलेल्या पहिल्या खंडात त्यांनी वादी अल-उयून हे खजुरीच्या झाडांचे हिरवे गाव उभे केले आणि तेलाच्या शोधात आलेल्या अमेरिकनांच्या यंत्रांनी ते कसे उखडले ते दाखवले. मितआब अल-हथ्थाल हा गावकरी विरोध करतो आणि एके दिवशी वाळवंटात नाहीसा होतो. पुढे समुद्रकाठी हर्रान हे नवे शहर उभे राहते. तेथे कालचे उंटवाले आज बरॅकमध्ये राहणारे कामगार होतात आणि शेवटी संपावर जातात. तेलाची श्रीमंती या कादंबरीत आहेच, पण ती खालून, कामगाराच्या उंचीवरून पाहिलेली आहे. सौदी अरेबियात या कादंबरीवर बंदी आली आणि मुनीफ यांचे सौदी नागरिकत्वही काढून घेण्यात आले. ज्या लिखाणाला सत्ता एवढी घाबरते, त्याने दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलेले असते.

त्याच्याही आधी, १९६३ साली, गस्सान कनफानी या पॅलेस्टिनी लेखकाने ‘उन्हातली माणसे’ ही छोटी कादंबरी लिहिली. तीन निर्वासित रोजगारासाठी चोरून कुवेतमध्ये शिरू पाहतात आणि पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये लपलेले असताना सरहद्दीवर गुदमरून मरतात. टँकरच्या आतून आवाज आला नाही, हा त्या कादंबरीचा शेवटचा सल आहे. मल्याळममध्ये बेन्यामिन यांची ‘आडुजीवितम्’ २००८ साली आली. आखातात नोकरीसाठी गेलेला नजीब वाळवंटातल्या एका शेळ्यांच्या वाड्यात गुलामासारखा अडकतो, त्याची ही कहाणी केरळमधल्या घराघरांत पोहोचली आणि २०२४ साली पडद्यावरही आली. केरळने आखाताचा पैसा घेतला, तसे आखाताचे दुःखही लिहून ठेवले.

पहिले दार : आखात

आपल्या समाजात तेल तीन दारांनी आले. पहिले दार आखाताचे. १९७३ सालच्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाच्या किमती काही महिन्यांत चौपट झाल्या आणि आखाती देशांत रस्ते, बंदरे, इमारती यांची कामे धडाक्याने निघाली. रत्नागिरी, रायगडमधला मुस्लिम तरुण पूर्वी मुंबईच्या गोदीत, जहाजावर किंवा आफ्रिकेत जात असे. तो आता दुबई, कुवेत, जेद्दाकडे वळला. ‘इंधन’ लिहिली गेली तेव्हा हे व्हायचे होते. म्हणजे दलवाईंनी जे गाव लिहिले, ते तेलाच्या पैशाआधीचे शेवटचे गाव होते. त्यानंतरचे गाव त्याच निर्भयतेने कोणी लिहायचे, हा प्रश्न तेव्हापासून तसाच उभा आहे.

आखातावर आपल्याकडे काहीच आले नाही, असे आम्ही म्हणत नाही. कथा आल्या, कविता आल्या, आठवणी आल्या. पण त्यांतला ‘दुबईवाला’ आठवून पाहा. तो अत्तराचा वास, सोन्याचे घड्याळ आणि टेपरेकॉर्डर घेऊन येतो, घर बांधतो, बहिणींची लग्ने लावतो, दोन महिन्यांत परत जातो. किंवा त्याची बायको उंबऱ्यावर वाट पाहते. कथा सुरू होते विमानतळावर आणि संपते विमानतळावर. मधली बावीस महिने कोठे गेली? एका खोलीतल्या आठ खाटा, कफीलच्या कपाटात बंद असलेला पासपोर्ट, संपत आलेला इकामा, पन्नास अंशांच्या उन्हात चढलेली परांची, हे सारे आपल्या कथेत एखाद्या वाक्यात उरकले जाते. लेखक घरी बसून पैशाची वाट पाहतो आहे, असे वाटत राहते.

१९९० साली इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. त्यांत आपलीही माणसे होती. आयुष्याची कमाई एका रात्रीत कागद झालेल्या या माणसांवर एखादी मोठी मराठी कादंबरी उभी राहू शकली असती. २०११ नंतर सौदी अरेबियाने स्थानिकांना नोकऱ्या देण्याचे नियम कडक केले आणि पुन्हा अनेक जण परतले. २०१६ साली तर सौदी सरकारने ‘व्हिजन २०३०’ जाहीर करून तेलाविना चालणाऱ्या अर्थव्यवस्थेची तयारी सुरू केली. ज्यांच्या जमिनीखाली तेल आहे ते तेलानंतरचा विचार करीत आहेत आणि त्यांच्या तेलावर घर बांधणाऱ्या आपल्या मोहल्ल्याला तो विचार अजून शिवलेला नाही.

घोष यांचे भाषेचे कारण आपल्याला लागू पडत नाही, हे येथे मुद्दाम सांगायला हवे. घरात दखनी किंवा कोकणी, शाळेत मराठी, मदरशात उर्दू आणि कुराणाची अरबी, बाजारात हिंदी, खानदेशात त्यावर अहिराणी, अशी आपली परिस्थिती आहे. एका वाक्यात तीन भाषा वापरणे हा आपल्याकडे चमत्कार मानला जात नाही. तेलाच्या गावाची भाषा लिहिण्याची सर्वांत चांगली तयारी ज्या मराठी लेखकाची असू शकते, तो मुस्लिम मराठी लेखकच आहे. तरी आपण शुद्धलेखनाच्या धाकाने आपल्या संवादांतली ही मिसळण काढून टाकतो आणि मग आपल्याला अनुभव मिळत नाही, अशी तक्रार करतो.

दुसरे दार : कारखाना आणि गॅरेज

दुसरे दार कामाचे. ते साहित्याला जवळजवळ दिसलेलेच नाही. खानदेशातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जा. बसस्टँडजवळ पंक्चरचे दुकान, पलीकडे वेल्डिंग, त्याला लागून डिझेल पंप आणि नोझल दुरुस्ती, मग बॅटरीवाला, पुढे स्पेअर पार्ट. यांतली किती नावे आपली असतात ते मोजायला फार वेळ लागत नाही. सच्चर समितीच्या २००६ सालच्या अहवालानेही मोटारगाड्यांची विक्री आणि दुरुस्ती हे मुस्लिमांचे लक्षणीय प्रमाण असलेले क्षेत्र म्हणून नोंदवले. नोकरीचे दार अर्धे बंद असलेल्या समाजाने पान्याच्या आणि ग्रीसच्या आधाराने पोट भरले. टांगेवाल्याचा मुलगा मेकॅनिक झाला, नालबंदाचा नातू टायरवाला झाला. शहादा तालुक्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोडा हेच एके काळी रस्त्यावरचे इंधन होते आणि त्याच्या खुरांशी, खोगिरांशी, टांग्याशी आपले अनेक व्यवसाय बांधलेले होते. तेलाने ते मोडले आणि तेलानेच नवे दिले.

गॅरेजमधले उस्ताद-शागीर्दाचे नाते हा कथेचा केवढा ऐवज आहे! दहा वर्षांचा मुलगा शाळा सोडून येतो, आधी चहा आणतो, मग पाने ओळखू लागतो, मग नुसत्या आवाजावरून इंजिनाचा आजार सांगू लागतो. ही एक विद्या आहे. तिला प्रमाणपत्र नाही, पुस्तक नाही, पण परंपरा आहे. आपल्या कथांमध्ये मात्र गॅरेजवाला चाचा दंगलीच्या प्रकरणात दुकान जळण्यापुरता येतो. त्याचे दुकान जळण्याआधी तो तेथे काय करीत होता, हे लेखकाला ठाऊक नसते.

आता विजेवर चालणाऱ्या रिक्षा आणि दुचाकी तालुक्याच्या गावातही आल्या आहेत. विजेच्या मोटारीत पिस्टन नाही, रिंग नाही, कार्ब्युरेटर नाही, इंजिन ऑइल नाही. जी विद्या तीस वर्षे कानांनी आणि बोटांनी कमावली, तिला ऐकण्यासारखा आवाजच उरणार नाही. हवा स्वच्छ व्हावी, शहरांचा धूर कमी व्हावा, याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. त्या धुरात सर्वांत जास्त वेळ उभा असतो तो आपलाच मेकॅनिक आणि आपलाच ट्रकचालक. पण त्या उस्तादाचे पुढे काय, हा प्रश्न कोणी तरी विचारायला हवा. सरकारी योजनेत तो येण्यासाठी आधी तो माणूस म्हणून कोठे तरी दिसला पाहिजे. दिसण्याची एक जागा साहित्य आहे.

यंत्रमागाचेही तसेच. मालेगाव, भिवंडीच्या मागांवर सुताबरोबर पॉलिस्टरचा धागा चालतो आणि पॉलिस्टर तेलापासून बनते. कच्च्या तेलाचा भाव चढला की धाग्याचा भाव चढतो, धागा महागला की माग थांबतो, माग थांबला की घरातली चूल थंड होते. पिंजाऱ्याच्या धनुकलीची जागा विजेच्या यंत्राने घेतली आणि कापसाच्या गादीची जागा फोमच्या गादीने. तो फोमही तेलाचाच. खानदेशातल्या पिंजारी बिरादरीचा सगळा इतिहास या दोन वाक्यांत मावतो, पण तो कादंबरीत मावावा असे अजून कोणाला फारसे वाटलेले नाही.

तिसरे दार : स्वयंपाकघर

तिसरे दार स्वयंपाकघराचे. रॉकेल हा शब्द ‘रॉक ऑइल’वरून आला आणि घासलेट ‘गॅसलाइट’वरून. आपल्या घरांत त्यालाच मिट्टी का तेल म्हणत. समीक्षेच्या भाषेतही हे तेल शिरले, पण कसे? १९२०च्या दशकाच्या अखेरीस हिंदीत बनारसीदास चतुर्वेदी यांनी ‘घासलेटी साहित्या’विरुद्ध मोहीम चालवली, मराठीतही हलक्या लिखाणाला घासलेटी म्हणण्याची रीत आहे. गरिबाच्या घरातला एकमेव उजेड ज्या तेलाचा, त्याचे नाव साहित्याच्या व्यवहारात शिवी म्हणून वापरले गेले. एवढ्या एका शब्दात समीक्षा कोणाच्या घरात बसून लिहिली जात होती, ते कळते.

रेशनच्या निळ्या रॉकेलच्या रांगेत आपल्या आयाबहिणींनी किती तास घालवले याचा हिशेब कोणाजवळ नाही. त्या रांगेत मोहल्ल्याच्या बातम्या मिळत, भांडणे होत, सोयरिकी जमत. चिमणीच्या काजळीत मुले शिकली. आणि वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येई की स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. स्टोव्ह नेमका सुनेच्याच हातात का भडकतो, हा प्रश्न १९८०च्या दशकात स्त्री-चळवळीने विचारला. आपल्या लेखिकांनी तलाकवर धैर्याने लिहिले. स्टोव्हवर त्या मानाने कमी लिहिले गेले. आता गॅस आला. २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर पुष्कळ घरांत पोहोचला. पण तो संपल्यावर दुसरा आणायचा पैसा नसला की तीच बाई पुन्हा लाकडे गोळा करते. याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले आणि पुढे गॅसचे अनुदान त्या क्रमांकाशी जोडले गेले. चुलीपासून आधार क्रमांकापर्यंतचा हा प्रवास एका बाईच्या आयुष्यात मावतो. ती बाई आपल्या साहित्यात यायला हवी.

लोणखेड्यावरून दिसणारे

लोणखेडा-शहादा परिसरातून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता जातो. या रस्त्याचे नाव आपण रोज घेतो, पण त्याच्या दुसऱ्या टोकाचा विचार करीत नाही. गुजरातमधल्या अंकलेश्वरला १९६० साली तेल सापडले. पहिल्या विहिरीला पंडित नेहरूंनी ‘वसुधारा’ असे नाव दिले. म्हणजे आपल्या दारावरून जाणारा रस्ता थेट तेलाच्या विहिरीपाशी पोहोचतो. आखातापेक्षा हे तेल कितीतरी जवळ होते. तरीही आपल्या कल्पनेतले तेल नेहमी समुद्रापलीकडचेच राहिले. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण आयात करतो, हे त्याचे एक कारण असेल. पण जवळचे न दिसणे ही लेखकाची अडचण असते, अर्थखात्याची नव्हे.

तेलाला पर्याय म्हणून आज जे जे सांगितले जाते, ते सारे या परिसरात उभे आहे. पहिला पर्याय ऊस. जवळच पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. उसापासून, मळीपासून इथेनॉल करून पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण देशात २०१४ साली दीड टक्क्याच्या आसपास होते. ते २०२५ साली २० टक्क्यांवर गेले. म्हणजे आखातातल्या विहिरीचे काम आता शेतातल्या उसाने करायचे आहे. पण ऊस पाणी पितो आणि ऊस तोडायला माणसे लागतात. धडगाव, अक्कलकुव्याचे आदिवासी दरवर्षी बिऱ्हाड घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि २०२४ साली पुढच्या हंगामासाठी ते उठवले. शेतकऱ्याने कोणत्या हिशेबाने लावणी करायची? ‘हिरवे’ इंधन म्हटले की घाम आपोआप नाहीसा होत नाही.

दुसरा पर्याय नर्मदेचा. सरदार सरोवरातून होणाऱ्या विजेतील २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आणि त्यासाठी अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बुडिताच्या यादीत गेली. तेथले आदिवासी तळोदा, शहादा तालुक्यांतल्या वसाहतींत आणले गेले. १९६१ साली पायाभरणी झालेले हे धरण २०१७ साली राष्ट्राला अर्पण झाले. मधल्या छप्पन्न वर्षांत दोन पिढ्या आंदोलनात गेल्या. याच धडगाव तालुक्यातल्या बिलगावला २००३ साली गावकऱ्यांनी, केरळमधून आलेल्या अभियंत्यांच्या साहाय्याने, श्रमदानातून धबधब्यावर १५ किलोवॉटची वीज तयार केली होती. ‘स्वदेस’ या २००४ सालच्या चित्रपटाला प्रेरणा मिळाली ती तिथली. २००६च्या पुरात तो प्रकल्प उद्ध्वस्त झाला. चित्रपटात दिवा लागतो तो प्रसंग देशाला आठवतो. खऱ्या गावातल्या दिव्याचे पुढे काय झाले ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

तिसरा पर्याय सूर्य आणि वारा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरतात आणि शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ पासून आहे. तापी ओलांडली की दोंडाईचा येते. त्याच्या जवळ विखरण. तेथल्या एका वृद्ध शेतकऱ्याने सौरप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला तुटपुंजा मिळाला म्हणून जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत मंत्रालयात जाऊन विष घेतले आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. सूर्याचा प्रकाश कोणाच्या मालकीचा नसतो, पण तो गोळा करायला जमीन लागते आणि जमिनीला मालक असतो. वादी अल-उयूनच्या मितआबला जे झाले ते तेलामुळे झाले. विखरणला तेल नव्हते. तेव्हा दोष केवळ तेलाचा नाही. इंधन कोणतेही असो, ज्याच्या अंगणातून ते निघते त्याला विचारायचे की नाही, हा खरा प्रश्न आहे. तेलावरचे चांगले साहित्य आपल्याला हेच शिकवते आणि म्हणून तेल संपत आले तरी ते साहित्य जुने होत नाही.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर कोणी म्हणेल की साहित्यिकाने अर्थशास्त्रज्ञाचे काम का करावे? शिवाय आपल्या समाजापुढे दंगली आहेत, संशय आहे, नागरिकत्वाची काळजी आहे. तेथे डिझेल आणि बॅटरीची चर्चा कशाला? हा आक्षेप खोटा नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्या साहित्याने अस्मितेचा प्रश्न मध्यभागी ठेवला. तो ठेवणे भागच होते. परंतु आपण कोण, या प्रश्नाचे उत्तर आपण काय काम करतो यातही असते, हे त्या ओघात मागे पडले. दंगलीत गॅरेजच जळते, हातगाडीच उलटते, मागच मोडतो. म्हणजे हल्लाही रोजीवरच होतो. रोजी न लिहिता दंगल लिहिली की ती बातमी होते.

या बाबतीत आपल्या शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखे आहे. याच शहादा भागातले कवी वाहरू सोनवणे यांनी ‘गोधड’मध्ये आदिवासींचे जगणे लिहिले ते १९७२ साली उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेच्या लढ्यातून, मजुरीच्या आणि जमिनीच्या प्रश्नातून. विश्वास पाटील यांनी ‘झाडाझडती’त धरणग्रस्तांची फरफट तपशिलाने मांडली, १९९२ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हे लेखन प्रचारकी झाले नाही, कारण त्यात सातबारा आहे, मोजणी आहे, तलाठी आहे. तपशील हाच घोषणाबाजीवरचा उतारा असतो.

आणि हा विषय आपल्या परंपरेलाही परका नाही. पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्वांचा वाटा असतो, या आशयाची हदीस आपल्याकडे प्रसिद्ध आहे. अग्नी म्हणजे त्या काळचे इंधनच. वाळवंटातल्या टोळ्यांना जे कळले होते, ते तेलकंपन्यांच्या आणि वीजकंपन्यांच्या काळात अधिक कळायला हवे. उधळपट्टीला, इस्राफला, आपण वाईट म्हणतो. पण लग्नाच्या मंडपातली रोषणाई आणि रात्रभर चालणारे जनरेटर यांवर एखादी बोचरी विनोदी कथा आपल्याकडे का येऊ नये?

आमची अपेक्षा एवढीच आहे. रत्नागिरीच्या लेखकाने आखातातली मधली बावीस महिने लिहावीत. मालेगावच्या लेखकाने धाग्याचा भाव लिहावा. खानदेशातल्या लेखकाने डिझेल पंपाच्या उस्तादाजवळ आठवडाभर बसावे, त्याचे शब्द टिपावेत आणि ते मराठीत जसेच्या तसे येऊ द्यावेत. लेखिकांनी स्टोव्ह, रांग आणि सिलिंडर यांचा इतिहास आपल्या आईच्या तोंडून ऐकून ठेवावा. ती पिढी आता थकली आहे. आणि समीक्षकांनी अशा लेखनाला घासलेटी म्हणण्यापूर्वी त्या तेलात कोणाचा उजेड होता, हे आधी तपासावे.

तेलाचे काय होणार हे जग ठरवील. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०७० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे लक्ष्य जाहीर केले आहे, म्हणजे आज जो मुलगा गॅरेजमध्ये पाने ओळखायला शिकतो आहे, त्याचे सारे आयुष्य या बदलातच जाणार आहे. त्याला कर्ज हवे, नवे शिक्षण हवे, विजेच्या गाड्यांचे काम शिकवणारा नवा उस्ताद हवा. त्याबरोबर त्याची गोष्ट सांगणारा लेखकही हवा. पहिल्या तीन गोष्टी मागताना त्याला जे शब्द लागतील, ते चौथ्याकडूनच मिळतील.